डिझेल गाडीचा पंप खरंच गेलाय का? परत परत येणाऱ्या पी००८७ चा माग

चढ लागला की गाडी मान टाकायची. गिअर चौथा, इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास, पाय दाबलेला, आणि अचानक कुणी मागून धरून ठेवल्यासारखा झटका. चेक इंजिनचा दिवा पेटला की मग अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी रेटायची नाही. कडेला घेऊन चावी बंद केली, मिनिटभर थांबून पुन्हा लावली की काही झालंच नाही अशा थाटात चालू. फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टला सेल्फ पूर्वीपेक्षा लांब मारावा लागत होता, आणि त्याकडे मी बरेच दिवस काणाडोळा केला.

हे आठ महिन्यांत तीनदा झालं. पहिल्या दोन वेळा गॅरेजमध्ये डिझेल फिल्टर बदलून दिला आणि दोन्ही वेळा हजार-बाराशे किलोमीटर गाडी सुरळीत चालली. तिसऱ्या वेळी मिस्त्रींनी स्कॅनर लावला, पी००८७ हा बिघाडाचा कोड वाचला आणि निकाल देऊन टाकला: "हाय प्रेशर पंप गेलाय." पंप गेला नव्हता. दोष निघाला फिल्टरच्या बुडाला असलेल्या एका ओ-रिंगमध्ये, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी कडीत. पण तिथवर पोचायला मी जो उलटासुलटा रस्ता धरला तो तुम्ही धरू नये, म्हणून ज्या क्रमाने शोधायला हवं होतं त्या क्रमाने लिहितो. पुढे दुसऱ्या एका गाडीचंही सांगेन. तिचा पंप खरोखर गेला होता, आणि तिथे चूक वेगळीच झाली.

पी००८७ चा अर्थ एवढाच की रेलमध्ये, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना पुरवठा करणाऱ्या जाड नळीत, जेवढा दाब मागितला तेवढा मिळाला नाही. नळाला पाणी येत नाही ही तक्रार जशी, तसा हा कोड. टाकी रिकामी आहे, पाइप तुंबलाय, मोटर जळलीय की मधेच कुठे गळतंय, हे तो सांगत नाही. ते आपणच शोधायचं.

डिझेलची वाट

कॉमन रेल गाडीत डिझेल टाकीतून निघून फिल्टरमध्ये येतं, तिथून हाय प्रेशर पंपात. पंपाच्या तोंडाशी मीटरिंग व्हॉल्व्ह असतो. किती डिझेल आत घ्यायचं ते ईसीयू (इंजिनचा संगणक) त्याच्याकरवी ठरवतो. पंप दाब वाढवून डिझेल रेलमध्ये भरतो आणि रेलवरून ते इंजेक्टरांना जातं. उरलेलं रिटर्नच्या नळीने परत टाकीत. बंद गाडीत रेलवर दाब जवळजवळ शून्य, आयडलला साधारण २५० ते ३५० बार आणि पूर्ण भारावर आजच्या बहुतेक गाड्यांत १,६०० ते २,००० बार. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज करा.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंत डिझेल आणायच्या दोन तऱ्हा आहेत. काही गाड्यांत टाकीमध्ये विजेवरचा पंप असतो आणि तो डिझेल पुढे ढकलतो. काहींत टाकीत पंपच नसतो. हाय प्रेशर पंपाच्या पोटातला किंवा पाठीवरचा छोटा गिअर पंप डिझेल ओढून घेतो. ढकलणाऱ्या गाडीत नळीला फट पडली तर डिझेल बाहेर येतं: ओलं दिसतं, धूळ चिकटते, वास सुटतो. ओढणाऱ्या गाडीत फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत. गळती शोधणारा माणूस ओल शोधत फिरतो आणि हात हलवत परत येतो. माझी गाडी या दुसऱ्या जातीची.

तुमची कोणती, हे आधी पक्कं करा. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. किंवा मागच्या सीटखालचं टाकीचं झाकण उघडून पाहा, विजेचा पंप असेल तर गेजच्या बारीक वायरींसोबत जाड वायरींची जोडीही आत गेलेली दिसते.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं. बहुतेक रचनांत डिझेल हेच त्याचं वंगण. आतल्या प्लंजरची (दाब देणाऱ्या दांड्याची) फट काही मायक्रॉनची, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. अशा फटीत डिझेलऐवजी हवेचा बुडबुडा किंवा पाण्याचा थेंब आला की धातू धातूला घासतो. त्यामुळे हवा धरलेली गाडी तशीच महिनोन् महिने दामटली तर आज न बिघडलेला पंप उद्या नक्की बिघडतो. पेट्रोल चुकून भरलं तर हेच फार वेगाने होतं. तसं झालं असेल तर स्टार्ट करणं सोडाच, चावीसुद्धा फिरवू नका. चावी ऑन करताच टाकीतला पंप ते पेट्रोल पुढे पाठवतो. टाकी रिकामी करून घ्या.

त्रास कधी होतो ते लिहून काढा

हा भाग कुणी करत नाही, आणि अर्धं निदान इथेच होतं.

रात्रभर उभी राहिल्यावर सेल्फ लांब लागतो, एकदा चालू झाली की दिवसभर ठीक: बहुतेक वेळा हवा. रात्री फटीतून हवा शिरते, नळीतलं डिझेल उतरून टाकीकडे परत जातं आणि सकाळी पंपाला आधी ती रिकामी नळी भरावी लागते. एक सोपी परीक्षा आहे. संध्याकाळी गाडीचं तोंड उताराकडे करून लावा, दुसऱ्या दिवशी चढाकडे. टाकी मागे आहे, त्यामुळे तोंड चढाकडे असलेल्या दिवशी त्रास ठळक वाढला तर संशय पक्का.

उलट, सकाळी एका सेल्फमध्ये लागते पण गरम झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं उभी करून पुन्हा लावताना दमवते: मग झिजलेले इंजेक्टर किंवा झिजलेला पंप. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटींतून जास्त निसटतं आणि सेल्फच्या हळू वेगावर दाब तयारच होत नाही. गार असताना तेच डिझेल जरा दाट, म्हणून निभावून जातं.

फक्त चढावर किंवा जोरात ओव्हरटेक करताना मान टाकते आणि आयडल, संथ चालणं, स्टार्ट सगळं छान: पुरवठा अपुरा. फिल्टर तुंबलेला, टाकीतली जाळी भरलेली, नळी चेपलेली, टाकीतला पंप मरतुकडा झालेला किंवा हवा. दोन लक्षणं एकत्र असतील तर दोन कारणंही एकत्र असू शकतात. माझ्याकडे तसंच निघालं.

पाना हातात घेण्याआधी

सेल्फ मारताना इंजिन नीट फिरतंय का ते बघा. बॅटरी उतरलेली असेल आणि इंजिन कुंथत फिरत असेल तर चांगला पंपही दाब देऊ शकत नाही. मिनिटाला साधारण २०० फेऱ्यांच्या खाली असेल तर आधी बॅटरी, अर्थची वायर आणि सेल्फ तपासा. स्कॅनरवर सेल्फ मारताना फेऱ्यांचा आकडा शून्यच दिसत असेल तर क्रँक सेन्सरकडे वळा. ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नसेल तर तो डिझेल सोडणार नाही, आणि लोक पंप खोलून बसतात.

त्रास होत असतानाच टाकीचं डिझेल भरायचं झाकण उघडा. सुस्कारा टाकल्यासारखी हवा जोरात आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुधारली तर टाकीचा श्वास बंद आहे. झाकणातला किंवा नळीतला व्हेंट चोंदलाय. फुकटातली दुरुस्ती आहे, पण फार क्वचित इतकं नशीब लाभतं.

टाकीत विजेचा पंप असेल तर चावी ऑन करून कान द्या. बऱ्याच गाड्यांत दोन-चार सेकंद बारीक गुंगं आवाज येतो. आवाज नसेल तर फ्यूज, रिले आणि धडक बसल्यावर डिझेल तोडणारा स्विच असेल तर तो. आवाज असला म्हणून पंप बरा असंही नाही. पंप चालू असताना त्याच्या प्लगवर व्होल्टमीटर लावा. बॅटरीवर साडेबारा आणि प्लगवर दहा-साडेदहा दिसत असतील तर पंपाला उपाशी ठेवलंय, गंजलेला प्लग किंवा अर्थची वायर शोधा. नुसता प्लग काढून मोजलेलं व्होल्टेज फसवतं. भार असतानाच मोजायचं.

मग फिल्टरच्या बुडाचं बोंड (साचलेलं पाणी काढायचा स्क्रू) सैल करून ग्लासभर डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका. पाणी जड, ते खाली बसतं आणि मधे रेघ स्पष्ट दिसते. माझ्या बरणीत खाली बोटभर पाणी होतं आणि त्या रेघेवर काळपट शेवाळासारखा लिबलिबीत थर तरंगत होता. डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढतात, तो थर तोच. तिथेच कळलं की नवा फिल्टर हजार किलोमीटरमध्ये का भरतो. बरणी टॉर्चसमोर धरून तळाशी धातूच्या कणांची चमचम दिसते का तेही पाहा. दिसली तर हा भाग सोडून थेट खाली "चमचम दिसली तर" या मथळ्याकडे जा, आणि तोवर गाडी स्टार्ट करू नका.

पारदर्शक नळी

हे साधन नसेल तर बाकी सगळा अंदाज. डिझेलला टिकणारी, आपल्या नळीच्याच मापाची वीतभर पारदर्शक नळी आणि दोन चांगल्या क्लिपा. फिल्टरच्या आउटलेटपासून हाय प्रेशर पंपाकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या नळीत ती मधे घालायची. हाय प्रेशरच्या लोखंडी पाइपात नव्हे, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

हँड पंपाने (हाताने दाबून नळीत डिझेल भरायच्या पंपाने) डिझेल भरून गाडी चालू केली. पहिल्या मिनिटात थोडे बुडबुडे येणारच, नळी जोडताना हवा शिरलेली असते. ते थांबले पाहिजेत. माझे थांबले नाहीत. आयडलला मोहरीएवढे दाणे सुटे सुटे जात होते. सोबतच्याने इंजिन तीन हजार फेऱ्यांवर नेलं तेव्हा त्यांची सलग माळ झाली, आणि नळीतलं डिझेल सोड्यासारखं पांढुरकं दिसायला लागलं.

हवा कुठून येतेय? नळी फिल्टरच्या आधी, टाकीकडच्या बाजूला लावली. तिथे बुडबुडे नाहीत. म्हणजे चोर फिल्टरपाशीच. मग संशयित सांधा एकेक करून डिझेलमध्ये बुडवायचा: फट असेल तर ती हवेऐवजी डिझेल ओढेल आणि नळीतले बुडबुडे बंद होतील. वरच्या जोडांवर डिझेलने भिजवलेली चिंधी गुंडाळली, फरक नाही. शेवटी एका प्लास्टिकच्या कपात डिझेल घेतलं आणि फिल्टरच्या बुडाचं बोंड पूर्ण बुडेल असा तो कप खालून धरला. अर्ध्या मिनिटात माळ तुटली. कप काढला, पुन्हा सुरू. तीनदा करून पाहिलं, खरं सांगायचं तर निदानापेक्षा मजेसाठीच.

बोंड काढलं. ते पाण्याचा सेन्सरही आहे, म्हणून नव्या फिल्टरसोबत येत नाही, जुन्यावरून काढून नव्यावर चढवतात. ओ-रिंग एका बाजूने चपटी झालेली आणि नखाएवढ्या जागी चिरलेली. दोन्ही वेळा फिल्टर बदलताना तीच जुनी रिंग नव्या फिल्टरला बसवली होती.

मग फिल्टर बदलला की दोन्ही वेळा बरं का वाटलं? फिल्टर नवा असताना डिझेल सहज वाहतं, पंपाला फार ओढावं लागत नाही, फिल्टरमध्ये निर्वात थोडाच तयार होतो आणि चिरलेली रिंगसुद्धा जेमतेम तग धरते. टाकीतल्या घाणीने फिल्टर भरत गेला की ओढ वाढते, आणि त्या वाढलेल्या ओढीने हवा चिरेतून आत शिरते. दोन दोष एकमेकांच्या आडोशाला बसले होते. नुसती रिंग बदलली असती तर फिल्टर पुन्हा तुंबला असता. नुसता फिल्टर बदलून काय झालं ते सांगितलंच.

ही ओढ मोजताही येते. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये व्हॅक्यूम गेज लावायचं. ओढणाऱ्या पद्धतीच्या एका प्रचलित रचनेत ८ ते १९ सेंटिमीटर पारा ठीक मानतात, २० च्या वर गेलं तर फिल्टर किंवा नळी तुंबलेली, ७ च्या खाली असेल तर हवा शिरतेय किंवा पंपच ओढत नाहीये. तुमच्या गाडीचे आकडे मॅन्युअलमधून घ्या, तत्त्व तेच राहतं.

कॅनवर चालवून पाहा

पारदर्शक नळीने उत्तर मिळालं नाही तर गाडीची टाकी आणि फिल्टर दोन्ही बाजूला काढा. स्वच्छ कॅनमध्ये ताजं डिझेल, एक नवा फिल्टर, दोन छोट्या नळ्या. एक पंपाच्या इनलेटला, दुसरी रिटर्नमधून परत कॅनमध्ये. रिटर्नचं डिझेल गरम असतं, कॅन घट्ट बांधा आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवा. ओढणाऱ्या गाडीत हे थेट जमतं. ढकलणाऱ्या गाडीत मधे योग्य दाबाचा बाहेरचा विजेचा पंप लागतो, नाहीतर चांगल्या गाडीलाही दोषी ठरवाल.

कॅनवर गाडी नीट लागली आणि रेटली तर हाय प्रेशर पंप निर्दोष सुटला. त्याला हात लावायचा नाही, दोष मागच्या बाजूला.

पंपच गेलाय हे कधी म्हणायचं

आता स्कॅनरवर दोन आकडे शेजारी लावा, मागितलेला रेल दाब आणि मिळालेला. सोबत मीटरिंग व्हॉल्व्हला दिलेला हुकूम. सेल्फ मारताना बहुतेक गाड्यांत १५० ते २०० बारच्या पुढे गेल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही. आकडा चाळीस-पन्नासवर घुटमळत असेल आणि मागचा पुरवठा बरा आहे हे सिद्ध झालं असेल, तर उरतात चौघे: दाबाचा सेन्सर, मीटरिंग व्हॉल्व्ह, गळके इंजेक्टर आणि पंप. रेलच्या टोकाला वेगळा प्रेशर व्हॉल्व्ह असेल तर पाचवा तो.

सेन्सरचं पटकन होतं. चावी ऑन, इंजिन बंद, रेल रिकामी, तेव्हा त्याने साधारण ०.५ व्होल्ट द्यायला हवेत. पुरवठा ५ व्होल्टचा. दाब नसताना जो सेन्सर दीडशे बार दाखवतो त्याच्यावर पुढचं काहीच विश्वासून करू नका.

मीटरिंग व्हॉल्व्ह अडकला की आयडल झोके घेतो, दाब कधी जास्त कधी कमी, पी००८७ सोबत पी००८८ (दाब जास्त) हा कोडही येतो. कॉइलचा रेझिस्टन्स बहुतेकांचा दोन ते चार ओहमच्या दरम्यान. काही व्हॉल्व्ह वीज नसताना उघडे असतात, काही बंद, त्यामुळे दुसऱ्या गाडीवर चाललेली प्लग काढायची युक्ती आपल्या गाडीवर वापरू नका. नवा व्हॉल्व्ह टाकल्यावर काही गाड्यांत स्कॅनरने लर्निंग (ईसीयूला नव्या व्हॉल्व्हची ओळख करून देणं) करावं लागतं, नाहीतर नवाही जुन्यासारखाच वागतो.

इंजेक्टरांसाठी रिटर्न मोजायचं. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक नळी लावून त्या चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि गाडी आयडलला मिनिटभर चालवा. लागतच नसेल तर काही सेकंद सेल्फ मारा. चारही थोड्या फार फरकाने सारख्या भरायला हव्यात. एखादी सगळ्यात कमी बाटलीच्या तिप्पट भरली तर तो इंजेक्टर पंपाने कमावलेलं रिटर्नमध्ये उधळतोय. "पंप गेला" म्हणून काढलेले पंप टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) निरोगी निघतात त्यामागे हे एक ठरलेलं कारण आहे.

हे सगळं पार झालं तर शेवटची परीक्षा: पंपापासून रेलपर्यंतची बाजू खास प्लगांनी बंद करून सेल्फवर पंप एकटा किती दाब देतो ते पाहणं. निरोगी पंप काही सेकंदांत १,००० बारच्या वर जातो. हे योग्य किट असलेल्या फ्युएल इंजेक्शनच्या माणसाकडेच करून घ्या. घरगुती बोल्ट ठोकून तोंड बंद करण्याची ही जागा नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. जुन्या रोटरी पंपाच्या गाडीत हवा काढायला इंजेक्टरचा नट सैल करून सेल्फ मारायची सवय अनेक हातांना आहे, तिथे ते चालायचंही. कॉमन रेलवर ते कधीही करू नका. केसाएवढ्या फटीतून सुटलेली डिझेलची धार कातडीत सुईसारखी घुसते, वरून बारीक टोचल्याचा ठिपका दिसतो आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच घटकेला हॉस्पिटल गाठायचं. इंजिन बंद केल्यावरही पाइप खोलण्याआधी काही मिनिटं थांबा आणि स्कॅनरवर दाब उतरल्याचं बघा. गळती शोधायची तर हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा.

चमचम दिसली तर

आता दुसरी गाडी, माझ्या मेव्हण्याची. टाकीत पंप असलेली, ढकलणारी. धावता धावता बंद पडली ती पडली. एका गॅरेजने हाय प्रेशर पंप नवा टाकला, फिल्टर बदलला, गाडी चालू करून दिली. दीड महिन्यात तोच कोड, तोच चढ, तोच झटका. तेव्हा मी सोबत गेलो.

मीटरिंग व्हॉल्व्हचे दोन स्क्रू काढून तो बाहेर घेतला. त्याच्या तोंडावरची जाळी उन्हात धरली तर तिच्यावर चांदीच्या वर्खासारखी पूड. पांढऱ्या कापडावर फिल्टरमधलं डिझेल ओतलं, कापड वाळल्यावर तीच पूड राखाडी झाली, आणि खालून लोहचुंबक फिरवल्यावर कण उभे राहिले. चुंबकाला न चिकटणारी चमक अ‍ॅल्युमिनियमचीही असू शकते, म्हणून चुंबकावर सगळा भरवसा ठेवू नका. कापड बघा.

पहिला पंप आतून खरवडून मेला होता. काही पंपांत कॅमवर फिरणारा रोलर आडवा वळला की तो कॅमला खरवडतो आणि पूड सगळीकडे जाते, पुढे रेलमध्ये, इंजेक्टरांत, आणि रिटर्नमधून थेट टाकीत. नवा पंप बसवला तेव्हा टाकीत जुन्या पंपाचे अवशेष तसेच होते. तेच डिझेल पुन्हा ओढून नव्या पंपाने स्वतःचा घास करून घेतला.

अशा वेळी यादी लांबते आणि तिच्यात काटछाट चालत नाही. टाकी उतरवून धुणे, टाकीतला पंप आणि जाळी, पुढच्या आणि रिटर्नच्या नळ्या फ्लश किंवा नव्या, फिल्टर हाउसिंगसह, हाय प्रेशर पाइप नवे, रेल आणि तिच्यावरचे सेन्सर-व्हॉल्व्ह नवे, इंजेक्टर सगळे बेंचवर तपासून बहुधा नवेच. नुसता पंप टाकून देतो म्हणणाऱ्याला, मग तो कितीही ओळखीचा असो, गाडी देऊ नका. इतका खर्च झेपत नसेल तर गाडी तशीच उभी ठेवणं परवडलं, कारण अर्धी दुरुस्ती पुढचा पंपही खाते.

पंप बसवताना

स्वच्छता सगळ्यात आधी. खोलण्यापूर्वी बाहेरून धुऊन हवेने वाळवा, काढलेल्या प्रत्येक तोंडाला लगेच टोपी. कापडाचे धागे सुटतात, सुती चिंध्या नकोत. बहुतेक कंपन्या हाय प्रेशर पाइप एकदा सोडवला की नवाच टाकायला सांगतात, कारण त्याचं टोक नटाच्या दाबाने त्या एका जागेपुरतं बसलेलं असतं. टॉर्क रेंच वापरा. काही इंजिनांत पंपाचं टायमिंग जुळवावं लागतं, काहींत नाही. लॉकिंग पिन लागते का ते मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय बेल्टला हात नको.

नवा पंप कोरडा फिरवला तर पहिल्याच मिनिटात त्याचं आयुष्य कमी होतं. आधी इनलेटमधून स्वच्छ डिझेल भरा. मग हँड पंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबा. टाकीत विजेचा पंप असेल तर चावी ऑन-ऑफ सहा-सात वेळा, प्रत्येक वेळी त्याचा आवाज थांबेपर्यंत थांबून. काही गाड्यांत स्कॅनरमधून प्रायमिंग चालवता येतं, ते सगळ्यात चांगलं. त्यानंतर सेल्फ, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मधे मिनिटभर विश्रांती.

माझ्या गाडीला यातलं काहीच लागलं नाही. टाकी धुतली, फिल्टर नवा, बोंडाला नवी ओ-रिंग, बसवताना तिला डिझेलचं बोट. पारदर्शक नळी मात्र दोन दिवस तशीच ठेवून गाडी मुद्दाम चढावर नेली. तिसऱ्या दिवशी ती काढून मूळ नळी बसवली. पाचशे किलोमीटरनंतर फिल्टर उतरवून कात्रीने कापला आणि आतला कागद उलगडून उन्हात धरला. किंचित पिवळट झाला होता, काळं काही नाही, चमक नाही. बरणीत पाणीही नव्हतं. सकाळी गाडी आता पहिल्याच सेल्फला लागते.